पाचवी रेघ

१

"इथली पाचवी रेघ कुठं गेली?" असं त्या संशोधकबाईंनी विचारलं आणि आमच्या मेव्हण्याचे ग्रह फिरले.

मी तिथं नव्हतो. मी घरी खिडकीच्या कडीला दोरी बांधत होतो, कारण पहाटेपासून वारा सुटला होता आणि एकही खिडकी धड राहू देत नव्हता. फोन आमच्या हिनं घेतला. ऐकता ऐकता गॅस बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि मग मला म्हणाली, "अहो, घाश्याला चोर ठरवलाय. चला."

"कोणी?"

"चला म्हटलं ना. वाटेत सांगते."

घाश्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लहानपणी हाताला लागेल ते घासत बसायचा. कडीकोयंडे, चमचे, शेजाऱ्यांच्या सायकलची घंटा, काही सुटायचं नाही, म्हणून हे नाव. पुढं तेच शिकला आणि आता संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तूंची निगा राखतो. "घासत नाही हो भावजी, पुसतो," असं तो मला लग्नापासून समजावतोय आणि मी लग्नापासून ऐकत नाहीये. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला वाढवला. त्याला कोणी बोललं की हिला लागतं, आणि हिला लागलं की मला घरात थारा नसतो.

वाटेत कळलं ते असं. संग्रहालयात एक यंत्रराज आहे. म्हणजे पितळेची जाड तबकडी, ताटापेक्षा थोडी लहान. कडेला अंशांच्या रेघा कोरलेल्या, आणि वर एक नक्षीदार जाळी, जिच्या काट्यांची टोकं एकेका ताऱ्याची जागा दाखवतात. ही जाळी गोल फिरते. जुन्या काळी लोक ते हातात टांगून धरायचे, ताऱ्याची उंची मोजायचे, जाळी फिरवायचे आणि किती वाजले ते सांगायचे. अशी यंत्रं आणखीही आहेत. पण आमच्याकडचं ओळखलं जातं ते एका चुकीमुळं. कडेवर दर दोन आकड्यांच्या मधे चार बारीक रेघा आहेत, फक्त एका जागी पाच. कोरणाऱ्याचा हात चुकला. संशोधकबाई लांबून आल्या त्या ही चूक बघायला. त्यांनी भिंग लावलं, कडेवरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि पाचवी रेघ काही मिळेना. काचेच्या कपाटात होती ती नक्कल होती.

यंत्र मधे साफसफाईसाठी घाश्याच्या खोलीत होतं. मग काय, बोट दाखवायला वेळ लागतो कुठं? संध्याकाळी विश्वस्तांची समिती बसणार होती. तोवर अस्सल यंत्र हाती आलं नाही तर घाश्याला पोलिसांकडं द्यायचं, असं ठरलंही होतं.

"आणि ते तुम्ही शोधायचं," ही म्हणाली.

"मी?"

"मग कोण? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतलात ना?"

हे मात्र खरं आहे. मी नकाशे तपासायचो. छपाईला जाण्याआधी नकाशातली प्रत्येक रेघ माझ्या भिंगाखालून जायची. निवृत्त झालो तरी भिंग खिशात असतंच, आणि पायाला भिंगरीही आहेच. एका जागी बसलो की माझा पाय हलायला लागतो. त्या दिवशी रिक्षात माझा पाय इतका हलत होता की शेवटी हिनं गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला.

२

घाश्या त्याच्या खोलीत स्टुलावर बसला होता. समोर ब्रश, कापसाचे बोळे, बाटल्या, सगळं जागच्या जागी होतं. आम्हाला बघून उठला आणि परत बसला.

"जेवलास का?" ही म्हणाली.

"ताई, मी नाही नेलं."

"ते मी विचारलंय का?"

मी मधे पडलो. "हे बघ, सगळ्यांना तूच का सुचलास? काही बोलला होतास का?"

तो जमिनीकडं बघायला लागला. "गमतीनं म्हणालो होतो. असं यंत्र घरी न्यावं आणि उशाशी ठेवून झोपावं."

"कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

आमच्या मेव्हण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी कपाळाला हात लावणार होतो, पण हिच्याकडं बघून तो हात खाली घेतला.

"नक्कल बघितलीस?"

"लांबून. हात लावू देत नाहीत आता." त्यानं फळीवरून एक बाटली उचलली. "पण भावजी, तिच्यावरचा जुनेपणाचा रंग माझ्याच औषधाचा आहे. ही बाटली. नवं पितळ यानं जुनं दिसतं. खोटं कशाला बोलू?"

"ही बाटली कुलपात असते?"

"नाही, इथंच फळीवर. आणि कसं लावायचं ते कोणी विचारलं की मी सांगतो. सगळ्यांना सांगितलंय."

"अर्थात," मी म्हणालो. "आणि ती पाचवी रेघ? ती तुला माहीत होती?"

इतका वेळ पडलेला त्याचा चेहरा एकदम जागा झाला. "माहीत होती म्हणजे? तिला मी आगाऊ म्हणायचो. सकाळी आलो की आधी तिच्यावरून नख फिरवायचं, मग कामाला सुरुवात. ज्यानं हे कोरलं ना भावजी, त्याला नेमकी तेव्हाच कोणीतरी हाक मारली असणार. बायकोनं, नाहीतर गिऱ्हाइकानं. त्यानं मान वर केली, परत खाली घातली, आणि एक रेघ जास्त पडली. बाकी सगळं यंत्र आकाशाचं आहे. तेवढी एक रेघ त्याची."

मी हिच्याकडं बघितलं. तिलाही कळलं होतं. ज्याचा त्या रेघेवर असा जीव, तो नक्कल करायला बसला तर आधी तीच रेघ कोरेल.

"हेच जाऊन सांगा की त्यांना," ही म्हणाली.

"सांगेन. आणि ते म्हणतील, मेव्हण्याची वकिली करतोय." मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. "तुझ्यानंतर यंत्र कोणाकोणाच्या हातात गेलं?"

"मी संचालकबाईंच्या हातात दिलं. मग तारेमास्तरांनी जाळी नीट फिरते का ते बघितलं. शेवटी मांडणीकारानं पडदा लावून ते कपाटात बसवलं."

"आणि बाहेर कसं गेलं असेल?"

"तेच तर आहे ना. बाहेर पडताना दारवान प्रत्येकावरून धातू ओळखायची ती कांडी फिरवतो. वाजली की पिशवी उघडून दाखवायची. फक्त माझी हत्यारांची पेटी तो उघडत नाही, कारण ती वाजणारच. म्हणून तर सगळे मला..." हात मांडीवर पालथे टाकून तो त्यांच्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नोकरी गेली तर गेली, भावजी. पण यापुढं जुनी वस्तू माझ्या हातात कोण देईल?"

हिनं तोंड फिरवलं. वाऱ्यानं कुठंतरी दार आपटलं आणि आम्ही तिघंही दचकलो.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर घाश्यानं ते पेटीतून नेलं होतं, नाहीतर यंत्र अजून याच इमारतीत होतं.

३

संचालकबाई उंच आणि थकलेल्या होत्या. बोलताना पेनाचं टोपण काढायच्या, लावायच्या, परत काढायच्या. मी भिंग दाखवून माझी ओळख सांगितली. त्या नाहीच म्हणणार होत्या, पण ही त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हलेना.

"बघा," त्या शेवटी म्हणाल्या. "बिघडायचं ते बिघडलंच आहे."

मोठ्या दालनात टेबलावर नक्कल ठेवली होती आणि शेजारी अस्सलाचा मोठा फोटो. संशोधकबाई खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या, जणू त्यांच्याच हातून काही फुटलं होतं. मी वाकून कड तपासायला घेतली. कडेचे चार पाव, प्रत्येक पावात आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. अक्षरं जुनी, मला वाचता येईनात, पण रेघांना भाषा लागत नाही. मधे चार, मधे चार, सगळीकडे चारच. काम सफाईदार होतं. फक्त एका ठिकाणी, आकड्यानंतरची दुसरी रेघ शेजारणींपेक्षा आखूड राहिली होती. पुढच्या पावात गेलो तर तिथंही, त्याच जागी, तशीच आखूड. तिसऱ्यात, चौथ्यातही. फोटोत मात्र या चारही रेघा पुऱ्या लांबीच्या होत्या.

यावर मी विचार करणार होतो. पण तेवढ्यात तारेमास्तर आले, आणि तारेमास्तर आले की दुसऱ्या कोणाला विचार करायला सवड मिळत नाही.

ते निवृत्त शिक्षक, इथं येणाऱ्या लोकांना यंत्र चालवून दाखवतात. दालनात शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीवरच्या माहितीफलकातली एक वेलांटी खिशातल्या पेन्सिलीनं दुरुस्त केली.

"या नकलेची बारीक मोजमाप घेतली तर..." मी सुरुवात केली.

"मोजमापं," ते म्हणाले. "नपुंसकलिंग. घेतली नाही, घेतलीत... नाही, घेतली तर. तेवढं बरोबर आहे तुमचं."

"मास्तर, ती पाचवी रेघ तुम्हाला ठाऊक होती?"

"ठाऊक?" त्यांनी हात उडवला. "डोळ्यात खुपायची माझ्या. लोकांना शिकवायचं की हे यंत्र किती अचूक, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारायचं, इथं एक जास्त का? बाईंना मी कितीदा म्हटलं, ती एक रेघ बुजवून टाका. चूक ती चूक. जुनी झाली म्हणून बरोबर ठरते का?"

मी भिंग खिशात ठेवलं. नक्कल करणारा चुकला तर त्याच्या हातून बरोबरचं चूक होतं. इथं चुकीचं बरोबर झालं होतं. म्हणजे नक्कल करणाऱ्याला ती चूक सहन झाली नाही. आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

चोर माझ्यासमोर उभा होता आणि पेन्सिलीला टोक करत होता.

४

मला धीर कमी. संचालकबाईंना बाजूला घेऊन सांगायचं, तर मी भर दालनात बोलून मोकळा झालो. बाईंच्या हातातलं टोपण खाली पडलं. मास्तरांनी ते उचलून दिलं आणि मग ते हसायला लागले.

"इकडं या," ते म्हणाले. "हे जाळीचे दोन काटे बघा. या टोकाचा तारा आहे स्वाती, पण नाव कोरलंय चित्राचं. आणि त्या टोकाचा आहे चित्रा, त्यावर नाव स्वातीचं. मूळ यंत्रातली ही दुसरी चूक. आता ही नक्कल बघा. नावं तशीच उलटी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जन्मभर आकाश शिकवलं मी. खोटं यंत्र करायला बसलो असतो तर एक फुटकळ रेघ सुधारली असती आणि स्वातीला चित्रा राहू दिलं असतं? झोप लागली असती मला?"

संशोधकबाईंनी फोटोशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. मास्तरांचं बरोबर होतं. मी साफ तोंडघशी पडलो. हिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मास्तरांची माफी मागितली, आणि "मागतो" म्हणताना व्याकरणही सांभाळलं.

पण आता कोडं अधिकच अवघड झालं. दोन चुका होत्या. एक गेली होती, एक राहिली होती. रेघेची चूक खटकते पण ताऱ्यांची खटकत नाही, असा माणूस कोण? संचालकबाईंना मी आडून आडून विचारलं. त्यांना दोन्ही चुका तोंडपाठ होत्या. त्यांनीच त्यांच्यावर लेख लिहिला होता.

"मग राहिला मांडणीकार," मी म्हणालो.

"त्याला कशाला त्रास देता?" बाई म्हणाल्या. "गुणी आहे. हे फलक, निमंत्रणपत्रिका, ते भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यानंच केलंय. एकदा दिलं की परत बघावं लागत नाही."

तो आलाच तेवढ्यात. गळ्यात मोजपट्टी, खांद्यावर शिडी, चेहरा हसरा. मला खुर्ची दिली, हिला पाणी आणून दिलं.

"मला काय कळतं त्यातलं, काका?" तो म्हणाला. "मी आपला स्टँड केला आणि त्यावर बसवलं. एक अक्षर वाचता येत नाही मला त्यावरचं. घाश्यादादांचं वाईट वाटतं. चांगला माणूस."

टेबलावर निमंत्रणपत्रिका पडली होती. तिच्यावर गोल वेलबुट्टी होती, पानापानाची, फार नाजूक. हात रिकामा ठेववत नाही म्हणून मी ती उचलली. "हे सगळं तुम्ही काढलंत?"

"सगळं कुठं? एक पाव काढायचा, उरलेले तीन फिरवून घ्यायचे. संगणक कशाला आहे?" तो संचालकबाईंकडं वळला. "बाई, समिती यायच्या आत ते घड्याळ उतरवू का? फार मागं पडतंय. जाताना दुरुस्तीला टाकतो."

बाईंनी हातानंच हो म्हटलं. त्यांना आता घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. तो शिडी दाराशी टेकवून स्क्रू काढायचं हत्यार आणायला गेला.

५

बाहेर गाड्या लागायला लागल्या. विश्वस्त एकेक करून येत होते, वाऱ्यानं उडालेले केस सारखे करत आत जात होते. घाश्याला बोलावणं गेलं. तो आला आणि दालनाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

मी खिडकीशी गेलो, दाराशी गेलो, परत आलो. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मनगटावरचं बघितलं, परत भिंतीवरचं.

"किती वेळा बघाल?" ही चिडून म्हणाली. "दोन्ही घड्याळं तेच सांगणार."

"तेच सांगतायत," मी म्हणालो, आणि थांबलो.

दोन्ही घड्याळं तेच सांगत होती. मिनिटाचाही फरक नव्हता. मग मागं काय पडत होतं?

मी खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढलो. घड्याळ चांगलं परातीएवढं होतं. तासांच्या आकड्यांबाहेर शोभेसाठी एक पट्टी छापली होती, बारीक रेघांची, मधे मधे जुनी अक्षरं. यंत्रराजाचीच कड, जशीच्या तशी. मी भिंग लावलं. मधे चार, मधे चार. आणि मग ती दिसली. आकड्यानंतरची दुसरी रेघ, शेजारणींपेक्षा आखूड. मान वळवून पुढच्या पावात बघितलं. तिथंही होती. खालच्या दोन्ही पावांतही होती.

"काका, खाली उतरा हो," पाठीमागून आवाज आला. "पडाल. मी काढतो ते."

मांडणीकार शिडीशी उभा होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे माझ्या भिंगावर होते. त्यानं शिडी उचलली.

आमची ही मधे येऊन उभी राहिली. "त्या शिडीवर पाय ठेवलास तर बघ," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. पण तो थांबला.

६

मी खुर्चीवरूनच बोललो. समितीचे लोकही दारातून आत आले होते.

"मी नकाशे तपासायचो," मी म्हणालो. "तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात. चूक एकदा झाली तर ती हाताची. तीच चूक चार वेळा, मोजून त्याच जागी झाली तर ती हाताची नाही. कोणीतरी एकदा काढून चारदा फिरवलंय. त्या नकलेच्या कडेवर एक आखूड रेघ आहे, चारही पावांत. अस्सलावर ती नाही. पण या घड्याळावर आहे. भिंग घ्या आणि बघा."

संशोधकबाई आधी टेबलाशी गेल्या, मग खुर्चीपाशी आल्या. मी भिंग त्यांना दिलं आणि उतरलो. त्या चढल्या, बघितलं, आणि तशाच वरून म्हणाल्या, "एकच आखणी आहे."

"आम्ही सगळे म्हणत होतो, पाचवी रेघ कोणी सुधारली," मी पुढं म्हणालो. "कोणीच नाही सुधारली. यानं फोटोवरून कडेचा एक पाव काढला. बाकीचे तीन तसेच असणार असं धरून फिरवून घेतले. पाचवी रेघ त्या उरलेल्या तीनपैकी एकात होती. ती आलीच नाही. जाळीचं तसं करता येत नाही, तिचा प्रत्येक काटा वेगळा. म्हणून ती जशीच्या तशी गिरवली, आणि स्वाती-चित्राची चूक तशीच उतरली. रेघ त्याला खटकली नाही, तारेही खटकले नाहीत. त्याला दोन्ही चुका दिसल्याच नव्हत्या."

तारेमास्तर काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी पेन्सिल खिशात ठेवून दिली.

"आखणी बाहेर कोरून घेतली, घाश्याच्या फळीवरच्या औषधानं जुनी केली आणि पडदा लावून अदलाबदल केली. आत येताना कोणी तपासत नाही. पण अस्सल बाहेर न्यायचं कसं? कांडी वाजणार. म्हणून ते अशा वस्तूत ठेवलं, जी वाजली तरी कोणी उघडून बघणार नाही. घड्याळ दुरुस्तीला चाललंय, वाजणारच ते. फक्त ते घड्याळ बिघडलेलं नाहीये."

संचालकबाई मांडणीकाराकडं बघत होत्या. त्यानं शिडी भिंतीला टेकवली, गळ्यातली मोजपट्टी काढून गुंडाळायला घेतली. "एका संग्राहकाला हवं होतं," तो कोणाकडंच न बघता म्हणाला. "इथं तरी काचेत पडून कोण बघत होतं?"

"हा बघत होता," ही म्हणाली आणि तिनं घाश्याकडं बोट दाखवलं.

दारवानानं शिडीवर चढून घड्याळ उतरवलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. पाठीमागच्या खोलगट डब्यात, मऊ कापडात गुंडाळून, चिकटपट्ट्यांनी नीट बसवलेलं पितळ होतं. संचालकबाईंनी पट्ट्या सोडवल्या. संशोधकबाईंनी ते घ्यायला हात पुढं केले. विश्वस्तांपैकी एकानंही केले.

संचालकबाईंनी ते कोणालाच दिलं नाही. त्या दालन ओलांडून कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि यंत्र घाश्यासमोर धरलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघून सांगा."

घाश्यानं आधी हात सदऱ्याला पुसले. मग दोन्ही तळव्यांवर यंत्र घेतलं, छातीशी टेकवलं आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायला लागला. डोळे मिटलेले होते. बाहेर वारा होता, खिडक्या वाजत होत्या. पहिला पाव गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात नख थांबलं, जरा मागं गेलं, परत पुढं आलं.

"आहे," तो म्हणाला. "आगाऊ आहे जागेवर." आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

आल्यापासून उभी असलेली आमची ही त्या शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझा पाय हलत नव्हता, हे माझ्या जरा वेळानं लक्षात आलं.

मांडणीकाराला दारवान घेऊन गेला. विश्वस्त एकमेकांशी कुजबुजत होते, आणि मगाशी बोट दाखवणारे आता घाश्याच्या पाठीवर हात ठेवत होते. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तो बाहीनं नाक पुसत, कापडाच्या कोपऱ्यानं कडेवरचा चिकटपट्टीचा डाग टिपत होता, अगदी हलक्या हातानं, एकेका रेघेवरून.

मी जवळ गेलो आणि बघत राहिलो.

"चांगलं पुसतोस रे," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. "काय म्हणालात भावजी?"

"काही नाही. यंत्र खाली ठेव आधी, ताई जेवायचं विचारत होती तुला."